जनरेटर चालू होता, पण लाईट नव्हती

पाऊस तोंडावर आला की माझा फोन दिवसभर वाजायला लागतो. वालीवला माझा एक छोटा गाळा आहे, जनरेटर आणि अल्टरनेटर दुरुस्तीचा. काम बाराही महिने असतं, पण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीवाले, हॉस्पिटलवाले, कारखानदार अशा सगळ्यांना एकदम आठवतं की आपल्याकडे एक जनरेटर आहे. "दादा, एकदा येऊन बघून जा ना, पावसाळा आलाय." मी जातो, इंजिन सुरू करतो. आवाज ऐकून समोरचा माणूस खूश होतो. "चला, चालू आहे," म्हणतो आणि चहा मागवतो.

आज त्या "चालू आहे" बद्दल लिहायचं आहे. पोस्ट मोठी झाली आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी जे सांगणार आहे ते तुमच्या इमारतीत तुम्हाला याच आठवड्यात करून घेता येईल आणि त्याला खर्च लागला तर दोन-चार लिटर डिझेलचा. मधे माझी एक चूक पण सांगणार आहे. ती मी आजवर दोन-तीन जणांनाच सांगितली आहे.

जुलै २०१८ आठवतो? वसईकर तो विसरणं शक्य नाही. ९ आणि १० जुलैला इतका पाऊस झाला की वसई ते विरार रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागराच्या वस्तीतली माणसं अडकलेली. वीज उपकेंद्राच्या आवारात पाणी शिरलं आणि मोठ्या भागाची वीज बंद ठेवावी लागली. ते बरोबरच होतं, पाण्यात उभ्या असलेल्या यंत्रात वीज सोडली असती तर माणसं मेली असती. पण अंधार तो अंधारच. वालीवमधले गाळे बंद, नाक्यावर गुडघाभर पाणी, मोबाईलचे टॉवर पण एकेक करून गप्प होत चाललेले.

त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला एका छोट्या प्रसूतिगृहातून फोन आला. नाव सांगत नाही, गरजही नाही. त्यांचा जनरेटर माझ्याकडे वार्षिक देखभालीवर होता. फोनवर तिथल्या मॅडम स्वतः होत्या. "दादा, जनरेटर चालू आहे, पण लाईट येत नाहीये. इन्व्हर्टर बीप मारायला लागलाय. एक बाळ वॉर्मरमध्ये आहे आणि एक पेशंट टेबलवर घ्यायची वेळ आलीय."

मी विचारलं, "इंजिन खरंच चालू आहे का?"

"अहो, आवाज ऐका ना," असं म्हणून त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला. इंजिन झकास चाललं होतं.

पिशवीत मल्टिमीटर, मेगर, टॅकोमीटर, पान्हे, टॉर्च भरले, पिशवी डोक्यावर घेतली आणि निघालो. मोटरसायकल उपयोगाची नव्हती. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, त्या रात्री पाऊण तास लागला. उघड्या गटाराच्या भीतीने दुभाजक धरून चालत गेलो.

पुढचं कळण्यासाठी आधी जनरेटर म्हणजे काय ते थोडं सांगतो. घाबरू नका, सोपं आहे.

आपण ज्याला जनरेटर म्हणतो ती खरं तर दोन यंत्रं असतात. एक डिझेलचं इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर, ज्याला आपले जुने मिस्त्री अजून डायनॅमोच म्हणतात. इंजिन फक्त फिरवतं. वीज अल्टरनेटर करतो. आवाज, धूर, थरथर हे सगळं इंजिनाचं. अल्टरनेटर मुका असतो. तो काम करतोय की नुसताच फिरतोय हे कानाला कधीच कळत नाही.

वीज तयार व्हायला तारांच्या वेटोळ्यासमोर चुंबक फिरावा लागतो. सायकलच्या डायनॅमोत कायमचा चुंबक असतो, चाक फिरलं की दिवा लागला. पण सोसायटीच्या किंवा हॉस्पिटलच्या जनरेटरमध्ये बहुधा तसा मोठा कायमचा चुंबक नसतो. तिथे लोखंडावर तार गुंडाळलेली असते आणि त्या तारेत वीज सोडली की ते लोखंड चुंबक बनतं. याला म्हणायचं एक्सायटेशन. ही वीज किती सोडायची ते एव्हीआर नावाचं हाताच्या पंजाएवढं सर्किट ठरवतं. बाहेर व्होल्टेज पडलं की ते चुंबक वाढवतं, व्होल्टेज चढलं की कमी करतं.

आता तुम्ही विचाराल, वीज तयार करायला चुंबक लागतो आणि चुंबक तयार करायला वीज लागते, मग पहिली वीज येते कुठून?

घरात दही लावायला आदल्या दिवशीचं चमचाभर दही लागतं. तसंच इथे आहे. मशीन बंद केल्यावर त्या लोखंडात थोडंसं चुंबकत्व उरतं. पुढच्या वेळी इंजिन फिरलं की त्या उरलेल्या चुंबकत्वावर चार-पाच, कधी दहा-पंधरा व्होल्ट तयार होतात. एव्हीआर तेवढे घेऊन चुंबकाला देतो, चुंबक वाढतो, व्होल्टेज वाढतं, त्यातून चुंबक अजून वाढतो आणि दोन-तीन सेकंदांत २३० व्होल्ट उभे राहतात. ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्सने १८६६ साली ती करून दाखवली आणि १८६७ च्या जानेवारीत बर्लिनच्या अकादमीत मांडली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि वार्ली यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली होती.

पण विरजणच संपलं तर? दुधाचं दूधच राहणार. इंजिन कितीही जोरात फिरवा.

प्रसूतिगृहात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. जिन्यात मेणबत्त्या लावलेल्या. वरच्या खोलीत एका मावशींनी ते बाळ त्याच्या आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून, दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवलं होतं. वॉर्मर बंद झाल्यावर मॅडमनीच तसं सांगितलं होतं. आईला हुडहुडी भरली होती, पण ती हलत नव्हती. दुसऱ्या खोलीत टेबलवर घ्यायची बाई कळा देत होती आणि मॅडम हातात टॉर्च घेऊन तिच्याजवळ उभ्या होत्या. मी "बघतो" एवढंच म्हटलं आणि मागच्या शेडमध्ये गेलो.

६२.५ केव्हीएचा सेट होता. अशा वेळी हाताला घाई असते, पण क्रम सोडायचा नाही हे मला माझ्या उस्तादाने शिकवलंय. आधी वेग. टॅकोमीटर लावला, १५१० फेरे. बरोबर आहे, कारण ५० हर्ट्झला या मशीनचे १५०० फेरे लागतात. वेग कमी असता तर एव्हीआर स्वतःच व्होल्टेज दाबून धरतो आणि एक्सायटेशन गेलंय असं वाटतं, पण दोष इंजिनाचा असतो. इथे तसं नव्हतं.

मग मल्टिमीटर थेट अल्टरनेटरच्या टर्मिनलवर लावला, ब्रेकरच्या आधी. इथे २३० मिळाले असते तर दोष ब्रेकरमध्ये किंवा चेंजओव्हर स्विचमध्ये. मिळाले फक्त दोन व्होल्ट. म्हणजे मशीन फिरतंय, पण उठत नाहीये.

इंजिन बंद केलं, मागचं झाकण काढलं. टॉर्चच्या उजेडात एव्हीआरच्या वायरी बघितल्या आणि माझ्या पोटात खड्डा पडला. चुंबकाकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एकीचा लग हिरव्या राखेने भरला होता. वसईची खारी हवा. बोट लावलं तर वायर हातात आली. हे एका रात्रीत होत नाही. काही महिने ती वायर नावालाच जोडलेली होती.

लग नवा मारला, बाकीचे घासून साफ केले, परत सुरू केलं. मीटरवर तीन व्होल्ट. वायर जोडली गेली, पण विरजण उरलेलं नव्हतं. महिनोन् महिने चुंबकाला वीजच मिळाली नव्हती. जे थोडंफार उरलं होतं ते इतकं क्षीण झालं होतं की एव्हीआर जागा व्हायला पुरत नव्हतं.

परत बंद. एव्हीआर पूर्ण सोडवला. एक्सायटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, अठरा ओहमच्या आसपास, म्हणजे कॉइल तुटलेली नाही. मेगर लावून वाइंडिंग आणि बॉडी बघितली, तीन मेगओहम. त्या पावसात तेवढे मिळाले हेच नशीब. एकाच्या खाली असते तर आधी बल्ब लावून वाइंडिंग सुकवावं लागलं असतं आणि त्यात सकाळ झाली असती.

मग बॅटरी. इंजिन सुरू करून १२ व्होल्टच्या बॅटरीची वीज, प्लस-मायनस दोनदा तपासून, थेट एक्सायटरच्या कॉइलला दिली. मीटरवर आकडा सरसर चढला. तिन्ही फेज बघितले: २१८, २१९, २१८. तिन्ही सारखे, म्हणजे वाइंडिंग ठीक, आत फिरणारे डायोड पण ठीक. एखादा डायोड गेला असता तर बॅटरी देऊनही आकडा खालीच राहिला असता. शेजारच्या घरून वाटीभर दही आणून विरजण लावावं तसं हे काम. इंजिन बंद केलं, बॅटरी सोडवली, एव्हीआर परत जोडला आणि पुन्हा सुरू केलं. तीन व्होल्ट, बारा, साठ आणि मग २३०. स्थिर.

एकदम सगळा लोड टाकला नाही. आधी वॉर्मर, मग ऑपरेशनची खोली, मग दिवे आणि सगळ्यात शेवटी पाण्याचा पंप. वर दिवे लागल्यावर जिन्यातून कुणीतरी "आली आली" असं ओरडलं. शेडमध्ये पोचल्यापासून पन्नास मिनिटं झाली होती. बाळ ठीक राहिलं. दुसरी बाई पहाटे मोकळी झाली, मुलगी झाली. मी सकाळपर्यंत शेडमध्येच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो, मीटर बघत.

आता चूक.

सकाळी चहा पिताना शेडच्या भिंतीला लटकवलेलं रजिस्टर काढलं. त्यात दर सोमवारची नोंद होती, एकही सोमवार चुकलेला नव्हता. डिझेल: ओके. ऑइल: ओके. पाणी: ओके. बॅटरी: ओके. इंजिन चालू: ओके. खाली वॉचमनची सही. आणि दर तीन महिन्यांनी माझी.

वॉचमन खोटं बोलत नव्हता. त्याने दर सोमवारी इंजिन सुरू केलं होतं, दोन मिनिटं चालवलं होतं, आवाज ऐकला होता आणि ओके लिहिलं होतं. त्याच्या कामात काही खोट नव्हती. पण त्या रजिस्टरमध्ये व्होल्टेजचा रकानाच नव्हता. पॅनेलवरचा व्होल्टमीटर दर सोमवारी शून्याच्या आसपास पडून होता आणि त्याच्याकडे बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते रजिस्टर मी बनवून दिलं होतं. मीच रकाने आखले होते, झेरॉक्स काढून वीस-पंचवीस ठिकाणी वाटले होते. माझी शेवटची सही एप्रिल महिन्यातली होती. त्या दिवशी मी काय केलं होतं ते मला नीट आठवतं. घाई होती, पुढे सातिवलीला एका गाळ्यावर जायचं होतं. इंजिन सुरू केलं, फिल्टर बघितला, आवाज ऐकला आणि सही केली. झाकण उघडलं नाही, मीटरकडे बघितलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, "लाईट घालवू नका हं, ओपीडी चालू आहे." मी म्हटलं, "नाही, नाही, गरज नाही."

गरज होती. लाईट दहा मिनिटं घालवून सगळा भार जनरेटरवर टाकला असता तर तो दोष एप्रिलच्या उन्हात दिसला असता. एक लग, पाच रुपयांचा.

मॅडमनी मला पैसे देऊ केले, वर दोनशे रुपये जास्त. मी देखभालीचेच घेतले, जास्तीचे नाही. त्यांनी आभार मानले. रजिस्टरचं मी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात जाऊन सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता लाईट घालवायला कधी येताय?"

तेव्हापासून माझ्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढले. एक, तिन्ही फेजचं व्होल्टेज किती. दोन, भार टाकून किती मिनिटं चालवला. पहिल्या रकान्यात "ओके" लिहिलेलं मी चालवून घेत नाही, आकडाच लागतो.

हे फक्त छोट्या मशीनचं दुखणं नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला औष्णिक केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच, १९९५ पासून चालू. तारापूरला अणुकेंद्र आहे, १९६९ पासून. तिथले अल्टरनेटर आपल्या शेडमधल्या डब्यापेक्षा हजारो पटींनी मोठे, पण सुरू करण्याची तऱ्हा आतून तीच. मोठ्या केंद्रात आधी टर्बाइन पूर्ण वेगाला आणतात. मग चुंबकाला वीज द्यायची. अनेक ठिकाणी पहिली काही सेकंद ही वीज केंद्राच्या बॅटऱ्यांतून देतात, कारण तिथे उरलेल्या चुंबकत्वाच्या भरवशावर बसत नाहीत. व्होल्टेज उठलं की मशीन स्वतःची वीज स्वतः घेतं आणि बॅटरी बाजूला होते. ठरलेल्या सेकंदांत व्होल्टेज उठलं नाही तर यंत्रणा सुरुवात तिथेच थांबवते आणि तपास सुरू होतो. बॅटरी उतरलीय का, ब्रेकर लागला का, डायोड किंवा थायरिस्टर गेलाय का, मोजणारी वायर सुटलीय का. हाच क्रम, फक्त माणसं जास्त आणि आकडे मोठे.

अणुकेंद्रात तर आणीबाणीचे डिझेल जनरेटर ठरलेल्या वेळापत्रकाने चालवून बघतात आणि त्याच्या लेखी नोंदी ठेवतात. कारण अणुभट्टी बंद केली तरी ती थंड ठेवायला वीज लागते. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाला त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमध्ये शिरलं, वीज गेली आणि पुढे काय झालं ते जगाने बघितलं. तिथे मशीन खराब नव्हतं, ते पाण्यात सापडलं. तळघरात जनरेटर बसवणाऱ्या आपल्याकडच्या बिल्डरांनी एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुष्कळ. वसईत पाणी कुठे भरतं हे इथल्या शाळकरी पोरांना पण माहीत आहे.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे आणि आसपासची वीज एकदम गेली. लोकल जिथल्या तिथे उभ्या. कोविडचा काळ, हॉस्पिटलं भरलेली. तेव्हा मोठमोठ्या लोकांना "ग्रिड", "आयलंडिंग" हे शब्द पहिल्यांदा कळले. खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची जलविद्युत केंद्रं १९१५ ते १९२७ या काळातली. अशा जलविद्युत केंद्रांचा अंधारात मोठा उपयोग असतो, कारण पाणी सोडलं की बाहेरच्या फार थोड्या विजेवर ती उभी राहू शकतात आणि मग त्यांच्या आधाराने बाकीची केंद्रं उठतात. ग्रिडचं हे काम करायला तिकडे इंजिनिअरांची फौज आहे.

पण त्या सोमवारी मला जे फोन आले ते ग्रिडचे नव्हते. "दादा, सेल्फच मारत नाही." "दादा, डिझेलच नाही." "दादा, चालू झाला पण लाईट येत नाही." पहिल्या दोन तक्रारी माणसाला दिसतात तरी. तिसरी सगळ्यात वाईट, कारण आवाजामुळे माणूस निर्धास्त राहतो.

सार्वजनिक कामातही मला हेच दिसतं. जनरेटर घ्यायला पैसे मंजूर होतात. फीत कापतात, फोटो येतात, फलक लागतो. पण तो दर महिन्याला भारावर चालवायचा, त्याला डिझेल लागणार, त्यासाठी दहा मिनिटं लाईट घालवावी लागणार, याची तरतूद कागदावर कुठेच नसते. मग माझ्यासारखा ठेकेदार येतो, आवाज ऐकतो आणि सही करून जातो. ज्याने पैसे मंजूर केले त्याच्याकडे बिल आहे, ठेकेदाराकडे सही आहे, वॉचमनकडे रजिस्टर आहे. सगळ्यांचं ओके आहे. लाईट गेल्यावर कळतं.

सोसायट्यांचं वेगळं नाही. मी मीटिंगमध्ये सांगतो, रविवारी सकाळी अकराला पंधरा मिनिटं मेन बंद करून बघू. लगेच कुणीतरी म्हणतं, "लाईट असताना लाईट कशाला घालवायची?" लिफ्ट बंद पडेल, वायफाय जाईल, मॅच चालू आहे. आपल्या राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'ब' नमुन्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं की इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे. बऱ्याच ठिकाणी त्या यंत्रणेचा पंप मेन गेल्यावर जनरेटरवरच चालणार असतो. मग ते प्रमाणपत्र घेताना एकदा मेन बंद करून पंप जनरेटरवर चालवून दाखवा, एवढं तरी सोसायटीने मागावं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. दुरुस्ती तुम्ही करायची नाही. बॅटरी लावून विरजण द्यायचं काम तर अजिबात नाही. उलट टोकं लागली किंवा एव्हीआर न सोडवता बॅटरी दिली तर एव्हीआर जळतो, आणि हात चुकला तर टर्मिनलवर ४१५ व्होल्ट आहेत. ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. तुम्ही फक्त चार प्रश्न विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरीला, तुमच्या दवाखान्यात, तुमच्या मुलांच्या शाळेत, तुमच्या वॉर्डातल्या पाण्याच्या पंपावर.

१. जनरेटर शेवटचा भारावर कधी चालवला? "सुरू कधी केला" असं विचारू नका. मेन बंद करून, खरा भार टाकून, किमान पंधरा-वीस मिनिटं. नुसता रिकामा चालवत राहिला तर इंजिनाचंही नुकसान होतं, न जळलेलं डिझेल आणि काजळी आत साठते. क्षमतेच्या ३० टक्के तरी भार हवा.

२. तेव्हा तिन्ही फेजचं व्होल्टेज किती होतं? उत्तर आकड्यात घ्या. "बरोबर होतं" हे उत्तर नाही.

३. चेंजओव्हर स्विच बरोबर लावलाय का? जनरेटरची वीज उलटी महावितरणच्या लाईनमध्ये गेली तर खांबावर चढलेला लाईनमन मरतो. वादळात, पुरात जो आपल्यासाठी खांबावर चढतो त्याचा जीव या एका स्विचवर आहे.

४. जनरेटर कुठे ठेवलाय आणि २०१८ सारखं पाणी आलं तर ते कुठपर्यंत येईल? चौथरा वाढवायला लागणारी वीट-सिमेंट मशीनपेक्षा फारच स्वस्त आहे.

पहिल्यांदा विचाराल तेव्हा समोरचा चिडेल. "तुम्हाला काय कळतंय?" म्हणेल. दुसऱ्यांदा विचाराल तेव्हा रजिस्टर काढेल. तिसऱ्यांदा तोच तुम्हाला फोन करून सांगेल की रविवारी टेस्ट आहे, या बघायला. माझा अनुभव आहे.

आणि माझ्यासारख्या धंद्यातल्या भावांना, वालीव, सातिवली, गोखिवरे, नायगावला जे हे काम करतात त्यांना, एवढंच सांगतो. गिऱ्हाईक "लाईट घालवू नका" म्हणालं तर सही करू नका. सरळ लिहा: भारावर तपासणी झाली नाही, गिऱ्हाइकाने नकार दिला. पहिल्या वर्षी दोन कामं माझ्या हातून गेली अशी. जाऊ देत. बाकीच्यांनी नंतर वेळ काढून दिला.

ते प्रसूतिगृह अजून आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी दोन वाजता, ओपीडी संपल्यावर, तिथली लाईट मुद्दाम घालवतात. नवीन पेशंट घाबरतात, मग मावशी त्यांना सांगतात, "काय नाय, टेस्टिंग आहे." दहा सेकंदांत दिवे परत लागतात. वॉचमन पॅनेलसमोर उभा राहून तीन आकडे वाचतो आणि लिहितो. गेल्या महिन्यात मी बघितलं, त्याने २३१, २३०, २३१ असं लिहून शेजारी सवयीने "ओके" पण लिहिलं होतं. मी ते खोडलं नाही.

तुमच्या इमारतीत हे चार प्रश्न विचारून झाले की काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. कुणाचं नाव लिहू नका, भांडण नको. फक्त तारीख आणि आकडे लिहा.